डोक्यावरचा हात

त्या भयखेळाला प्रेक्षक नव्हतेच. शनिवार-रविवार, डोंगरावरच्या एका बंद पडलेल्या शाळेत, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन राहायचं; भुतं आम्हीच आणि भिणारेही आम्हीच. खेळातून बाहेर पडायचं असेल तर तळहात डोक्यावर ठेवायचा. मग तो माणूस तिथे नाहीच असं बाकीच्यांनी धरायचं.

माझं पात्र रविवारी सकाळीच मेलं. डोक्यावर हात ठेवून मी पाणी प्यायला निघाले. व्हरांड्यात माझी मैत्रीण मधुरा माझं नाव घेऊन रडत होती. खेळातलं नाही, खरं नाव. मी तिच्यासमोर थांबले. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून भिंतीकडे घसरली.

"अगं, पुरे आता," मी म्हणाले.

गार वारा यावा तशी तिने शाल घट्ट ओढून घेतली.

आपण आता कोणाला दिसत नाही, हे मेलेल्या माणसाला कधी कळत असेल? बहुधा आधी तो हाका मारत राहत असेल.

संध्याकाळी घरी पोचले. नवरा आणि मुलगी टीव्ही बघत होते. "आले गं मी," म्हटलं. कोणी मान वळवली नाही.

माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तरीही दोन्ही हात खालीच आहेत ना, याची मी बघून खात्री करून घेतली.