फायनलच्या बोलीवर मेंढ्या

सोयाबीन निघून रानं मोकळी झाली की युसूफ वडगावात साखराबाईचा भाव वाढतो. तिच्या दीडशे मेंढ्या मोकळ्या रानात चार रात्री बसल्या की लेंडीखतानं जमिनीचं सोनं होतं, म्हणून शेतकरी ज्वारी द्यायला तयार होऊन मागे लागतात. कुणाच्या रानात वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण उभारून कळप कोंडायचा, हे तिचा नवरा सिदू ठरवतो असं गाव म्हणतं. सिदूही म्हणतो. ठरवते साखराबाई.

क्रिकेट तिच्या घरात आलं ते सुनेबरोबर. अंजू केजच्या शाळेत असताना जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. लग्नानंतर बॅट माहेरी राहिली, फोन तेवढा सोबत आला. मेंढ्यांमागे फिरताना ती बायकांच्या मॅच बघायची. साखराबाईनं आधी शिव्या घातल्या, मग खांद्यावरून डोकावली, आणि महिन्याभरात फोनच ताब्यात घेतला. खेळाडूंची नावं तिच्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून तिनं आपली नावं ठेवली: वेणीवाली, डावरी, बारकी. या तिघींबद्दल कुणी वाकडं बोललं की ती भांडायला उठते.

यंदा शेजारच्या देशांच्या महिला संघांची स्पर्धा लागली आणि साखराबाईचं जेवणातलं लक्ष उडालं. बांगलादेशाविरुद्धच्या सेमीफायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये डोंगरात रेंज गेली. पन्नाशी उलटलेली ही बाई फोन डोक्यावर धरून एका टेकाडावरून दुसऱ्यावर पळाली, पायात काटे मोडून घेतले, पण रेंज काही आली नाही. आपण जिंकलो हे दुसऱ्या दिवशी केजच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईनं सांगितलं. साखराबाईला त्यात कसला आनंद? शिळं खाल्ल्यासारखं झालं तिला.

फायनल रविवारी दुपारी होती, श्रीलंकेशी. ती पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत टीव्हीवर बघायचीच, असं तिनं ठरवून टाकलं. बजरंग नावाचा शेतकरी दर रात्रीला एक पायली ज्वारी जास्त देत होता. त्याला नाही म्हणून ती थेट विठ्ठलरावांच्या वस्तीवर गेली. विठ्ठलराव बागायतदार, पंचायत समितीवर दोनदा निवडून आलेले, आणि त्यांच्या बैठकीत भिंतभर टीव्ही.

"मालक, ज्वारी नेहमीपरमानंच द्या. पर रविवारी दुपारी टीव्ही आमचा," ती म्हणाली.

"कावून?"

"फायनल हाय."

विठ्ठलराव हसले. "बायकांची? अगं, बायकांच्या खेळात काय बघायचं?"

"माज्या कळपात बी समद्या माद्याच हायेत. त्यांचं खत कसं चालतंय तुमाला?"

विठ्ठलरावांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, आतून मोठ्यानं हसून घेतलं. तिथंच सौदा ठरला.

रविवारी भर दुपारी मेंढ्या वाघरीत कोंडल्या, तेव्हा सिदूला काळजी वाटली. मेंढरं दिवसा कोंडून ठेवायची चीज नव्हे. वाघर लावली होती विठ्ठलरावांच्या घरामागच्या रानात, आणि बांधापलीकडे त्यांचाच हरभरा वीतभर वर आलेला. "राखा तुमी," असं नवऱ्याला सांगून साखराबाई आणि अंजू बैठकीत जाऊन बसल्या. विठ्ठलरावांचे दोन कार्यकर्ते कोपऱ्यात चहा पीत टिंगल करत होते. दहा ओव्हरनंतर त्यांची टिंगल थांबली आणि चहा गार झाला. विठ्ठलरावांना एका लग्नाला जायचं होतं. अंगात कडक इस्त्रीचा सदरा घालून ते दाराशी उभे राहिले, मग टेकले, मग नीट मांडी घालून बसले.

लंकेच्या पोरींनी धावा बऱ्याच केल्या होत्या. आपल्या विकेटा पडत गेल्या. शेवटच्या ओव्हरला आठ धावा हव्या होत्या, आणि समोर वेणीवाली होती. पहिल्याच बॉलला तिनं चौकार हाणला. दुसऱ्यावर एक धाव. आता चार बॉलांत तीन.

तेवढ्यात सिदू दारात आला. तोंड उतरलेलं.

"वाघर एका अंगानं सुटली. मेंढरं हरभऱ्यात शिरलीत."

साखराबाई उठली. धनगराच्या बाईला दुसऱ्याच्या पिकात मेंढरू दिसलं की बसवत नाही, मग टीव्हीवर काहीही असो. सगळ्यांनी विठ्ठलरावांकडे बघितलं. त्यांची नजर काही टीव्हीवरून हलली नाही.

"कुणाच्या हरभऱ्यात?"

"तुमच्याच, मालक."

"माझाच हाय ना? मग बस की बे खाली. आडवा नको येऊ."

सिदू बसला. साखराबाईला बसवेना. तिसऱ्या बॉलला डावरीचा त्रिफळा उडाला आणि बैठकीतून हाय हाय झाली. साखराबाई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, पाठ अंगणाला, डोळे टीव्हीला. तोंडाशी हात धरून तिनं बाहेरच्या दिशेला एक लांब हाळी दिली. घरामागं कळपापुढं चालणाऱ्या पुढारी मेंढीची घंटी वाजली.

बारकी आली. चौथा बॉल तिच्या बॅटीला लागलाच नाही. साखराबाईनं पुन्हा हाळी दिली. घंटी जवळ येत होती. पाचव्यावर बारकीनं कशीबशी एक धाव काढली.

"आत्या, एका बॉलात दोन," अंजूचा आवाज चिरकला.

"दिसतंय मला. गप."

कळप अंगणात घुसला. तुळशीभोवती, दुचाकीखाली, पाण्याच्या हौदाशी, जिकडं तिकडं मेंढ्या. पुढारी मेंढी साखराबाईच्या गुडघ्याला ढुशा देत होती आणि ती एका हातानं तिचं शिंगाडं डोकं मागं रेटत उभी होती. वेणीवालीनं बॉल मोकळ्या जागेत ढकलला. एक झाली. दुसरीला दोघी पळाल्या, तिकडून फेक आली, वेणीवालीनं अंग झोकून दिलं, बेल्स उडाल्या.

"गेली," एक कार्यकर्ता म्हणाला.

"तुज्या जिभंला काय हाड हाय का?" साखराबाई वळलीसुद्धा नाही.

निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेला. तेच चित्र हळूहळू, पुढं, मागं. वत्सलाबाई पीठ माखल्या हातानं येऊन उभ्या होत्या. विठ्ठलरावांनी सदऱ्याचं वरचं बटण पिळून तोडलं. बॅट रेषेच्या आत सरकलेली, आणि बेल्स अजून जागेवर.

बैठकीत जो कालवा झाला त्यानं मेंढ्या बिथरल्या आणि दोन थेट आत शिरल्या. अंजू सासूच्या गळ्यात पडली. विठ्ठलरावांनी सिदूला मिठी मारली. ती त्यांची त्यांनाही नंतर आठवली नाही.

मग वत्सलाबाईंना आपलं सारवलेलं अंगण दिसलं. "साखराबाई, आता हाक बाई ही जनावरं."

"हाकते की," साखराबाई म्हणाली, आणि आत येऊन पहिल्यांदाच ऐसपैस बसली. एका मेंढीला तिनं काखेत धरलं होतं. "पर वैनी, आधी वेणीवालीच्या हातात कप पडू द्या."