तोंडातले खिळे

क्वीन्सलँडातल्या त्या गुरांच्या मुलखात घोड्यांना नाल ठोकावेत ते क्लॅरी ड्यूहर्स्टनेच. एका खुराचे सात खिळे ओठांत धरायचे आणि शेवटचा ठोकून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. म्हणून तर लोक त्याच्यापाशी मनातलं सगळं ओकून मोकळे होत.

त्या सकाळी विधवा थेल्मा आपल्या घोडीचा लगाम धरून म्हणाली, "म्हातारा झालास, तरी एकटाच डबाबंद मटण खात बसतोस! ये की माझ्याकडेच राहायला. बोलता येत नाही, ठाऊक आहे मला. नको असेल तर ठोकत राहा, मी काय ते समजेन."

क्लॅरीच्या तोंडात अजून पाच खिळे होते. त्याने घोडीचा पाय हळूच खाली ठेवला आणि पाचही खिळे धुळीत थुंकून टाकले.