खिडकीसमोरची खोली

तुम्ही परदेशात वाढलात, म्हणून आधी सांगते. आपल्याकडे बंगल्याच्या बाजूला काही फूट जागा मोकळी सोडावी लागते. नियम आहे, आणि तो पाळणारे थोडे आहेत.

माझं माहेर कसबा पेठेतलं. तिथे भिंतीला भिंत लागून घरं. शेजारी कांदा चिरला की आमच्या डोळ्यांत पाणी. त्यामुळे हे घर बांधताना मी एकच हट्ट धरला, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी हवी. इतकी वर्षं तिच्याच उजेडात मी तांदूळ निवडले. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी त्यांच्या मोकळ्या जागेत, अगदी कुंपणाला चिकटून, खोली बांधायला घेतली.

मी त्यांच्या दारी गेले.

"अहो काकू, एवढीशी खोली. शेजारधर्म म्हणून सांभाळून घ्या."

"शेजारधर्म आहे म्हणूनच बेल वाजवली. नाहीतर थेट अर्ज केला असता."

आठवड्याने अर्ज केलाच. आयुष्यभर इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला, त्याच सवयीने दोन पानं लिहिली. ही माझी चूक. बांधकाम खात्याच्या ऑफिसातल्या अभियंत्याने पानं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मॅडम, थोडक्यात काय झालंय?"

"वाचलंत तर कळेल."

"वाचूच की. तोवर तुम्ही सांगा."

सांगितलं, आणि माझ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. नोटीस निघाली. शेजाऱ्यांनी लेखी उत्तर दिलं की खोली जुनीच आहे, फक्त डागडुजी चालली आहे. त्याची प्रत मी मागून घेतली. अभियंता म्हणाला, "खोली नवीन असल्याचा काही पुरावा आहे तुमच्याकडे?"

"येऊन बघा."

"येऊ ना."

कोणी आलं नाही. खोलीवर स्लॅबही घालून झाला. माझ्या ओट्यावर सकाळी दहा वाजता अंधार.

मग एके दिवशी शेजारी स्वतः अक्षता आणि छापील पत्रिका घेऊन आले. "राग सोडा काकू, जेवायलाच या." पत्रिकेत ठळक अक्षरांत होतं, 'आमच्या नवीन खोलीची वास्तुशांत'. मी ती दोनदा वाचली. परवानगी नसली तरी त्यांना चालत होतं, पण शांत केल्याशिवाय नव्या खोलीत पाऊल टाकणं त्यांना जमणार नव्हतं.

"येते हं," मी म्हणाले.

गेले. पानावर बसले, तर शेजारच्या पानावर तो अभियंता.

"आज पाहणी का?" मी विचारलं.

"नाही हो, ओळखीचे आहेत."

"बरं झालं. एका खेपेत दोन्ही कामं झाली."

त्याने घाईने मठ्ठा मागितला. शेजाऱ्यांनी मला आग्रहाने दोन जिलब्या वाढल्या आणि मी त्या खाल्ल्या. जेवणाशी माझं भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अभियंत्याच्या वरिष्ठांकडे गेले. या वेळी अर्ज मराठीत, चार ओळींचा. 'जुनी खोली' म्हणणारं उत्तर आणि 'नवीन खोली' म्हणणारी पत्रिका एकाच टाचणीत. शेवटची ओळ होती, 'आपले अभियंता पंक्तीला उपस्थित होते, त्यांनीही खोली पाहिली आहे.' वरिष्ठांनी दोन्ही कागद वाचले आणि घंटी दाबली.

तरी खोली पाडायला पहिल्या दिवशी आलेल्या खात्याच्या माणसांनी स्लॅबला दोन भोकं पाडली, फोटो काढले आणि ते निघाले. अशी भोकं सिमेंटने बुजतात, हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. मी फाटकात उभी राहून त्यांच्या मुकादमाला म्हटलं, "कारवाई पूर्ण झाली असं लिहून सही द्या, म्हणजे मला साहेबांना दाखवता येईल." त्याने सही दिली नाही. दोन दिवसांनी माणसं पुन्हा आली आणि स्लॅबसकट खोली जमिनीपर्यंत उतरवून गेली.

शेजारी महिनाभर राडारोडा उचलत होते. मग एका सकाळी मी खिडकीत तांदूळ निवडत असताना कुंपणापलीकडून म्हणाले, "काकू, आता गच्चीवर खोली काढतोय. रीतसर परवानगी घेऊन."

"काढा की," मी म्हणाले. "नकाशा आधी मला दाखवा."

परवा घेऊन आले. दोन चुका होत्या, त्या मी पेन्सिलीने दाखवून दिल्या.