डोळे मिटून उघडलेलं पान

आमच्या ख्रिस्ती आळीत भगताला सगळ्यात जास्त शिव्या कोणी घातल्या असतील तर त्या मी. रविवारी मिस्सा झाली की लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे होतं. दाराला लिंबू-मिरची टांगायची नाही, कोणाला हात दाखवायचा नाही, पेपरातलं राशिभविष्य वाचायचं नाही, देवाच्या लेकरांना ही थेरं शोभत नाहीत, असं मी त्यांना दटावून सांगायची. शेजारीण एकदा मांजर आडवं गेलं म्हणून घरी परतली आणि तिची रेवदंड्याची एसटी चुकली, तर मी आठवडाभर तिची टर उडवली होती. काय तो माझा तोरा! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझा नवरा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, शनिवारी घरी यायचा. आम्ही एकाच शाळेतले, म्हणून एकमेकांना अरे-तुरेच करायचो. त्याला शुगर होती. नव्या बुटाने डाव्या पायाचा अंगठा घासला गेला आणि त्याला कळलंसुद्धा नाही, कारण त्याच्या पायांना कधीचीच बधिरता आलेली. त्या शनिवारी मी मोजा काढला तर अंगठा काळा पडलेला आणि वास येत होता.

सोमवारी अलिबागला गेलो. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अंगठा आजच काढू या. थांबलात तर पाऊल जाईल, मग पाय, आणि त्यानंतर माझ्या हातात काही उरणार नाही." नवरा गयावया करायला लागला. अंगठा गेला तर क्लच कसा दाबू, मला गाडीवर कोण ठेवेल, असं पुन्हा पुन्हा. शेवटी एका दिवसाची मुदत मागून आम्ही घरी आलो.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "पायावरनं तांदूळ उतरून भगताकडं नेते," त्या म्हणाल्या. "त्यो दाणं बघून सांगंल, कापायचं का न्हाय."

"या घरात भिंतीवर क्रूस आहे, आई," मी ओरडलेच. "ते तांदूळ भाताला लावा! भगताचं नाव पुन्हा काढलंत तर बघा."

त्या बिचाऱ्या हातातले तांदूळ डब्यात टाकून मागीलदारी जाऊन बसल्या.

"मग तू सांग, काय करू," नवरा म्हणाला. आणि मी काय केलं? देव्हाऱ्यापाशी गेले, मेणबत्ती लावली, पवित्र पुस्तक हातात घेतलं, डोळे मिटले, पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं. ही माझी जुनीच सवय. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, हे स्थळ तिला बघायचं की ते, सगळं मी असंच विचारायची. याला मी प्रार्थना म्हणायची. भगत दाणे बघतो ती अंधश्रद्धा, मी ओळ बघते ती श्रद्धा. कपाळ माझं!

पहिल्यांदा बोट पडलं ते बापजाद्यांच्या नावांच्या यादीवर. ते मी धरलं नाही. दुसऱ्यांदा कुठल्याशा लढाईवर पडलं, तेही सोडून दिलं. तिसऱ्यांदा डोळे उघडले आणि अंगावर सर्रकन काटा आला. देवाचे दूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगडाची ठेचसुद्धा लागणार नाही, अशा अर्थाची ती ओळ. पाय! साक्षात पायाचंच नाव!

मी धावत बाहेर आले. "देव बोलला रे," मी म्हटलं. "तुझा पाय सुखरूप राहणार. कापायचं नाही." आधी दोनदा पान उघडलं होतं, ते काही मी त्याला सांगितलं नाही. तो लहान मुलासारखा रडला. माझा हात धरून म्हणाला, "तू आहेस म्हणून."

नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. रोज सकाळी अंगठ्याला आशीर्वादाचं तेल लावायचं आणि तीच ओळ दोघांनी मिळून म्हणायची. डॉक्टरांचा दोनदा फोन आला, तो मी उचलला नाही. पाचव्या दिवशी काळेपणा घोट्यापर्यंत चढला, तरी मी म्हणतेय, ही आपल्या विश्वासाची परीक्षा आहे. सासूबाई उंबऱ्यात येऊन पाय बघायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि गुमान आत जायच्या. सातव्या दिवशी तो तापाने फणफणला, बरळायला लागला, आणि माझं उरलंसुरलं अवसान गळालं. गाडी करून त्याला पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे पाय गुडघ्याखालून काढला. तरीही विष रक्तात भिनलंय म्हणाले, आणखी वरून कापावं लागेल.

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी आमचे फादर कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन वॉर्डात आले. नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला नको," म्हणाला. "देवाने शब्द दिला होता आणि फिरवला. मी नाही आता त्याचं काही घेणार." आयुष्यात एका रविवारची मिस्सा न चुकवलेला माणूस!

फादरांना मी बाहेर बाकावर नेलं आणि सगळं ओकून टाकलं. पान, बोट, आधीच्या दोन ओळी, सगळंच.

"ही ओळ आणखी एकाने वापरली होती," ते म्हणाले. "प्रभूला मंदिराच्या टोकावर नेऊन खाली उडी मार म्हणणाऱ्याने."

सैतानाने. आणि प्रभूने उडी मारली नाही, देवाची अशी परीक्षा बघायची नसते म्हणाला. हा धडा मी दर उपवासकाळात पोरांना शिकवायची. तोंडपाठ आहे मला.

"आत जा," फादर म्हणाले. "त्याला सांग की देव बोलला नव्हता, तू बोलली होतीस. त्याचा देव तरी त्याला परत दे."

मी आत गेले. तो जागा होता. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तू नको जिवाला लावून घेऊस. तुझी काय चूक? फसवलं ते त्याने."

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मनात म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, आत्ता कशाला त्याला घोर. खोटं. मी घाबरले होते. त्याने देवाचा राग केला तर मला चालणार होतं, माझा केलेला चालणार नव्हता. मी नुसतं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. तेवढ्यात त्याला न्यायला माणसं आली.

तो शुद्धीवर आलाच नाही.

पुढे मी पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, देवाने तुला क्षमा केली. केली असेल. खरं काय घडलं ते देवाला ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला नव्हतं.