अंगणातला मुका सिनेमा

घरात सिनेमाचं यंत्र आहे म्हटलं की लोक आधी विचारायचे, केवढ्याला घेतलं? मी मनात म्हणायची, अरे, यंत्र काय कोणीही घेईल. सिनेमा कुठून आणता ते विचारा. चूल कितीही चांगली असली तरी भाकरीची चव ज्वारीवर असते. सिनेमाची ज्वारी मला त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

माझं माहेर अमरावतीचं. वऱ्हाडातल्या गावोगावी सिनेमे जायचे ते तिथूनच. वडील सिनेमे भाड्याने देणाऱ्या एका कचेरीत कामाला होते. परत आलेल्या फिती तपासायच्या, तुटलेल्या जोडायच्या, हे त्यांचं काम. मी आईजवळ स्वयंपाक शिकले तशी वडिलांजवळ फीत यंत्रात ओवायला शिकले. मग लग्न होऊन शिरपूरच्या अलीकडच्या एका गावात, शेतकऱ्याच्या भरल्या घरात आले. तिथे आठवडाभर बायका मला विचारत होत्या, की सिनेमात माणसं खरंच चालतात का.

पोहरादेवीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. घरचे पुरुष दरवर्षी पाहायचे आणि येऊन बायकांना गोष्ट सांगायचे, तीही अर्धवट. बायकांनी तंबूत जायचं नाही, अशी रीत. सासऱ्यांना ही रीत मोडायची नव्हती, पण सासूबाईंनी सिनेमा पाहावा असं त्यांना मनापासून वाटायचं. म्हणून बदली होऊन चाललेल्या एका साहेबाचं लहान यंत्र त्यांनी विकत घेतलं. गावात वीज नव्हती. विहिरीवरच्या इंजिनाला डायनामो जोडला आणि तिथून अंगणापर्यंत तार आणली. दोन धोतरं मधोमध शिवून पडदा केला. पुरुष यंत्राच्या बाजूला बसणार आणि बायका पडद्याच्या मागे, स्वयंपाकघराकडे. धोतरावर पाणी शिंपडलं की चित्र मागूनही लख्ख दिसतं. हे मीच नवऱ्याला सांगितलं होतं.

पहिला सिनेमा माझ्या वडिलांच्या कचेरीतून आला. सुनेचं माहेर असताना दुसरीकडे जायचं कायले, असं सगळ्यांचं म्हणणं. नवा हिंदी बोलपट होता. मी तोऱ्यात बायकांत जाऊन बसले.

तो तोरा फार टिकला नाही. विहिरीवर इंजिन असं धडधडत होतं की बोलपटाचं बोलणं कोणालाच कळेना. आणि मागून बघणाऱ्या बायकांना सगळं उलटं. मी जन्मभर पुढून सिनेमा पाहिलेला, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पडद्यावरच्या बाईने डाव्या हाताने कुंकू लावलं, डाव्या हाताने नवऱ्याला वाढलं. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"कोन्या घरची हाय हे?" सासूबाई म्हणाल्या. "मायनं शिकवलं नाई काय हिले?"

इथवर हसण्यावारी गेलं. मग सिनेमात लग्न लागलं आणि नवरानवरी अग्नीभोवती फिरू लागली, तीही उलटी. सासूबाई ताडकन उठल्या.

"असे उलटे फेरे सरनाभोवती घेतात! माया अंगनात हे अवदसा नाई पायजे."

त्या आत निघून गेल्या आणि त्यांच्यामागे सगळ्या बायका. मी एकटीच पडद्यामागे उरले, आणि मला रडू आलं.

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी नवऱ्याजवळ निकाल सांगितला. आणखी एक सिनेमा दाखवून पाहायचा. तुझी माय शेवटपर्यंत बसली तर यंत्र राहील. मधून उठली तर ते इंझोरीला जाईल, तिथला एक शेतकरी घ्यायला तयारच आहे. मला सासरे थेट काही सांगत नसत. सुनेने सासऱ्यांपुढे बोलायचं नाही, आवाजसुद्धा त्यांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, अशी दुसरी रीत होती. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी त्यांनी माझा शब्द ऐकला नव्हता.

त्या परक्या घरात ते यंत्र हेच मला माहेरचं माणूस होतं. ते इंझोरीला जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणे बोलपटच आणा, इंजिन लांब न्या. इंजिन विहिरीपासून हलणार कसं? कोणी म्हणे बायकांना यंत्राच्या बाजूला बसवा. पण मग पुरुष मागे गेले असते, आणि स्वयंपाकघराकडे जागा कशीबशी बायकांपुरती. कोणी म्हणे सरकारी कचेरीचे सिनेमे फुकट मिळतात. मिळतात खरे, पण त्यात शेणखताचा खड्डा कसा खणावा हे दाखवतात, आणि तो आमच्या परसात होताच.

मी शांतपणे भाकरी थापत होते. मला उत्तर सापडलं होतं. लहान यंत्राच्या बोलपटाच्या फितीला एकाच काठाला भोकं असतात, दुसऱ्या काठावर आवाज असतो. ती उलटी ओवता येत नाही. जुन्या मुक्या सिनेमाच्या फितीला दोन्ही काठांना भोकं. ती पालथी करून यंत्रात घातली की पडद्यामागून सुलटी दिसते. आणि मुक्या सिनेमाला इंजिनाची धडधड काय करणार?

कारंज्यात एका कापडदुकानदाराकडे मुक्या सिनेमांची पेटी होती. हौसेने घेतलेली आणि बोलपट आल्यावर माळ्यावर टाकलेली. वडिलांच्या तोंडून मी त्याच्याबद्दल ऐकलं होतं.

"कारंज्याले जा," मी नवऱ्याला म्हणाले. "मुका सिनेमा आना."

"येडी झाली काय तू? लोक बोलता सिनेमा मांगून राह्यले अन् तू मुका म्हनतं? तुया बाबाले काय वाटन?"

"बाबाले मी सांगीन. तुमी फकस्त लग्न असलेला आना."

"लग्न? पुन्हा?"

"लग्नच पायजे."

तो गेला आणि पेटी घेऊन आला. त्यातल्या लग्नाच्या सिनेमाची गोष्ट एका सुनेची होती. घरातून हाकललेली आणि शेवटी परत आलेली. मी नवऱ्याला फीत पालथी ओवायला शिकवली. आता पुरुषांना उलटं दिसेल, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मीही ते बोलून दाखवलं नाही.

दिवेलागण झाली, धोतरांवर पाणी शिंपडलं, इंजिन सुरू झालं. मी सासूबाईंच्या शेजारी बसले. पडद्यावर सासूने होणाऱ्या सुनेला उजव्या हाताने कुंकू लावलं. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची, ती मी बायकांना हळू आवाजात वाचून दाखवत होते. मग लग्न आलं. नवरानवरी उठली आणि सुलटी फिरू लागली.

"आता बरोबर फिरून राह्यले," सासूबाई म्हणाल्या आणि मांडी घालून नीट बसल्या.

पलीकडे मात्र चुळबुळ सुरू झाली होती. पुरुषांना फेरे उलटे दिसत होते आणि अक्षरंही. माझ्याखेरीज घरात वाचता येणारे होते तेवढे सगळे त्या बाजूला होते, आणि एकालाही काही वाचता येत नव्हतं. गोष्ट अशा जागी आली होती की पुढचं कळल्यावाचून चैन पडू नये. सून पावसात दारात उभी होती, तिचे ओठ हलले आणि अक्षरं आली. मी वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिनाच्या आवाजावरून पडद्यापलीकडून सासऱ्यांचा आवाज आला.

"सूनबाई, आमाले उलटं दिसून राह्यलं. काय म्हनते ते, जोरात वाच."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. आजवर सासऱ्यांनी मला अशी हाक मारून काही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी कोपराने ढोसलं.

"वाच ना पोरी. काहून थांबली?"

मी उभी राहिले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडद्यापलीकडे शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं वाचलं, "दार उघडा, मी आले आहे."