दुसरा फासा

दवाखान्याच्या तळघरात वहिनी लोकांची हाडं बघते. ‘श्वास घ्या, रोखा, हलू नका... सोडा,’ एवढंच तिचं दिवसभराचं बोलणं. एक्स-रे काढणाऱ्या बाईला याहून जास्त बोलायची गरज पडत नाही. म्हणून की काय, रविवारी दुपारी ती सगळी कसर भरून काढते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरते आणि दऱ्या, पडके किल्ले, खादाड राक्षस असं काहीबाही रंगवून सांगत बसते. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली पात्रं होतात, आपण काय करणार ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. या पोरखेळावर एक घर टिकून होतं.

कारण त्या तिघांतले दोघं एरवी एकमेकांशी बोलत नव्हते. एक वहिनीचा नवरा, दुसरा तिचा धाकटा दीर. दोघंही सुतार, वडिलांच्या एकाच कारखान्यात वाढलेले. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची दारं लागेनात, माप कोणी चुकवलं यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. तेव्हापासून लांब फळी कापायची असली की दोघंही तिचं दुसरं टोक स्टुलावर टेकवत, पण भिंतीपलीकडे हाक मारत नसत. हट्टाच्या बाबतीत मात्र दोघांचं माप तंतोतंत जुळत होतं.

रविवार तेवढा अपवाद. नवरा गोष्टीत वैद्य होता, दीर चोर. चोर हमखास कुठून तरी पडायचा, आणि मग वैद्याला विचारावंच लागायचं, ‘कुठे लागलंय?’ ‘खांद्याला.’ ‘बघू.’ बस, एवढंच. पण वहिनीचा जीव त्या ‘बघू’मध्ये अडकलेला असायचा.

अशात खेळाची नवी आवृत्ती आली. तिसरा भिडू म्हणजे पोस्टमन. बारीकसारीक नियमावरही बोट ठेवणारा, म्हणून त्याचं नाव कायदेपंडित. ‘ताई, आता सगळीकडे हेच चालणार,’ असं टुमणं त्याने लावलं, आणि वहिनीने नियमांचं ते जाडजूड पुस्तक आणलं. खेळणारे जिकडेतिकडे त्या आवृत्तीच्या नावाने खडे फोडत होते, ते उगाच नव्हतं. चित्रं झकास, नियम मिळमिळीत. नव्या नियमांत प्रत्येकाला आपली जखम आपणच भरता यायची. चोर पडला, उठला, स्वतःच बरा झाला आणि चालू लागला. वैद्य हाताची घडी घालून बसला. असेच काही रविवार गेले. टेबलावर आवाज फक्त फाशांचा. शेवटी दीर निघताना म्हणाला, ‘वहिनी, पुढच्या वेळेपासून मला धरू नका. कामं तुंबलीत.’

कामंबिमं काही तुंबलेली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ‘भाऊजी, आणखी एकदाच या,’ ती म्हणाली. ‘मग नाही बोलावणार.’

कायदेपंडित खजील झाला होता. ‘ताई, जुनंच पुस्तक काढू या का?’

वहिनीने विचार केला. खरं तर जुन्यातही ते दोघं कुठे बोलत होते? वैद्य चोराशी बोलत होता. ‘जुनं नको नि नवंही नको,’ ती म्हणाली. ‘दुसराच खेळ शोधू.’

टपाल वाटून झालं की पोस्टमन दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचा, पुस्तकं चाळायचा आणि नाक मुरडायचा. अखेर एक पातळ पुस्तिका हाती लागली. अवघड काम करायचं तर एक फासा आपला. दुसरा हवा असेल तर तो सोबत्याकडे मागायचा. त्याने दिला आणि डाव फसला, तर दोघांनाही भोगावं लागणार.

‘मागितल्याशिवाय मिळणार नाही?’ वहिनीने पुन्हा पुन्हा विचारलं.

‘नाही म्हणजे नाही. मी कोणालाही सूट देणार नाही.’

रविवारी सगळ्यांनी नवी पात्रं घेतली, त्यांना लांबलचक नावं दिली. नवरा डोंगरातला मेंढपाळ झाला, दीर नकाशे काढणारा. सुरुवातीला गाडी रडतखडतच चालली. दीर एकट्याच्या फाशावर आपटत राहिला, पण दुसरा काही मागेना. तेव्हा वहिनीने त्याला दोराच्या पुलावर नेलं. पायाखालची फळी तुटली. तो एका हाताने लोंबकळतोय, खाली नदी फेसाळतेय.

‘एका फाशावर निभाव लागणं कठीण,’ कायदेपंडित पुस्तिका न उघडताच म्हणाला.

दीर घुटमळला. मेंढपाळाला हाक मारायची तर त्याचं नाव घ्यायला हवं, आणि नुकतंच ठेवलेलं ते विचित्र नाव त्याला काही केल्या आठवेना. जुन्या वैद्याचं नाव ओठांवर येत होतं, ते इथे चालणारं नव्हतं. वहिनीला नाव माहीत होतं. ती बोलली नाही. दिवसभर इतरांना सांगते तसा तिने स्वतःचाच श्वास रोखून धरला.

‘अरे, तू... ते हे...’ दीर चाचपडला, आणि मग वैतागून म्हणाला, ‘दादा, धर ना!’

धाकट्याचे कान लाल झाले. थोरल्याने फासा उचलला, क्षणभर मुठीत आवळला आणि भावापुढे ठेवला.

‘धरलंय,’ तो म्हणाला. ‘टाक.’

फासे पडले ते अगदीच भिकार. दोघंही नदीत. कोणाकोणाचं काय काय वाहून गेलं ते कायदेपंडिताने मन लावून वाचून दाखवलं. थोरला हसत म्हणाला, ‘तुझं माप नेहमीच चुकतं.’

वहिनीने चटकन दिराकडे पाहिलं. पण धाकटाही हसत होता. ‘आणि ते कपाट? ते कोणाचं चुकलं होतं?’

‘माझं असेल,’ थोरला म्हणाला. ‘असेल काय, माझंच.’

सोमवारी नवरा डबा घरीच विसरला, म्हणून वहिनी कारखान्यात गेली. प्लायवूडची भिंत होती तिथेच होती. पण नवऱ्याची बाजू रिकामी होती. करवतीचा आवाज पलीकडून येत होता, आणि मधूनच नवऱ्याचा ओरडा, ‘अरे, सरळ धर!’ धाकट्याचं स्टूल दाराबाहेर काढून ठेवलेलं होतं, त्याला आता काम नव्हतं. डबा मांडीवर घेऊन वहिनी त्यावरच बसली. फळी चांगली लांबलचक असावी, एवढंच तिला वाटत होतं.