माझ्या डावीकडची पात

आधीच सांगून ठेवते, भूत, नजर, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. चौकात कुणी उतारा ठेवला तर लोक रस्ता बदलतात... मी त्यातला नारळ उचलून घरी आणलाय आणि त्याची चटणी आमच्या अख्ख्या घराने भाकरीबरोबर चाटूनपुसून खाल्लीय. कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी आजवर चहासोबत टाइमपास म्हणूनच वाचत आले. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर माझी मुलगी तन्वी हसून हसून लोळतेय. हसू दे. तीही तिथेच होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगावपासून थोडं आत. कापूस, तूर, सोयाबीन, जे सगळ्यांचं तेच आमचं. माझं माहेर मात्र यवतमाळ शहरातलं. लग्न होईपर्यंत कापूस मी फक्त गादीत पाहिलेला. पहिल्यांदा वेचायला गेले तेव्हा बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली आणि सगळ्या बायका बांधाला पोचल्या तरी मी अर्ध्या वावरातच. तेव्हापासून सासूबाईंनी एक ठरवून टाकलं. वेचायला बायका ओळीने उभ्या राहतात आणि प्रत्येकीला आपापला पट्टा मिळतो, त्याला आम्ही पात म्हणतो. माझ्या डावीकडची पात कायम आईंची. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) स्वतःची पात वेचता वेचता त्या माझ्या पातीतली चार झाडंही उरकायच्या. आणि मी फारच रेंगाळले की माझ्या कमरेला बांधलेल्या फडक्याच्या गाठीत मागून एक बोट अडकवून खस्सकन पुढे ओढायच्या. "चाल वं, उभी नोको राहू!" 

पंचवीस वर्षं मी तशी ओढली गेले. आधी राग यायचा, मग सवय झाली, मग त्यांनी नाही ओढलं तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

तर या आई मागच्या पावसाळ्यात गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, एक्स-रे झकास आला. पण बाई पाय खाली टेकवेना. वॉकर आणला, फिजिओथेरपीवाली मॅडम यायची, आम्ही दोन्ही बाजूंनी धरायचो. पाय जमिनीला लागला की त्या ओरडायच्या, "जमीन हालते! बसवा मले, बसवा!" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हाडाचं काही नाही, मनातली भीती आहे. पण आत्ता चालल्या नाहीत तर पायातली ताकद जाईल आणि मग कायमचं अंथरूण. जी बाई बोलायच्या आधी चालायला लागायची, तिला खाटेवर पडून पत्रे मोजताना पाहणं... मला ते बघवत नव्हतं. रात्री भांडी घासताना रडायचे मी.

त्यात तन्वीने पुण्याहून आमचं मालवणकडचं बुकिंग करून टाकलं. तिची नोकरी लागल्यापासून धोशा होता, आई-बाबांना समुद्र दाखवायचा. कापसाचा शेवटचा वेचा झाला होता, तूर घरात आली होती, म्हणजे निमित्त सांगायलाही जागा नाही. मी म्हटलं, आईंना असं टाकून मी येत नाही, कॅन्सल कर. 

खाटेवरून आवाज आला, "कॅन्सल कायले करतं? मी काय मरून राह्यली का? सुनीता येते ना माह्याजवळ. जा, समुद्र पाहून या. माह्या वाटचाबी पाहून या."

सुनीता म्हणजे माझी नणंद. ती दारव्ह्याहून पिशवी घेऊन आली आणि मला अक्षरशः घराबाहेर ढकललं.

आता मालवणचं काय सांगू! आमचे हे पन्नाशीचे, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते. गुडघाभर पाण्यात गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "अरे बापा, खरंच खारट आहे!" मग आम्ही बनाना राइडला बसलो. तो रबराचा लांबलचक फुगा मोटरबोट ओढते, त्यावर घोड्यासारखं बसायचं. बोट सुटली तशी हे ओरडायला लागले, "हळू रे राजा! हो हो हो! बैल बुजले का रे तुहे!" पुढच्या वळणावर सगळे पाण्यात. वर आलो तेव्हा यांची टोपी वाहत चाललेली आणि हे टोपीला हात जोडून निरोप देताहेत. मी इतकी हसले की पोटात कळ आली. कित्येक महिन्यांत अशी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाआधी स्नॉर्केलिंग. होडीतून थोडं आत न्यायचं, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघायचे. आमचा गाइड चांगला मिशाळ, भरदार माणूस, आवाज असा की किनाऱ्यावर ऐकू जावा. "ताई, नाकान श्वास घेवचो नाय, तोंडान घेवा. काय्येक होवचा नाय. फक्त रिंग सोडू नका!" एक मोठी रिंग होती, तिला सगळ्यांनी धरायचं आणि तो ती ओढत नेणार. 

मला पाण्याची भीती. भीती म्हणजे कालव्याच्या पुलावरूनसुद्धा मी मधूनच चालते. पण तन्वीने हात धरला, आणि आईंचे शब्द डोक्यात होते... माह्या वाटचाबी पाहून या. तेव्हा मी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मागे गाठ मारली. का, ते विचारू नका. आमच्याकडे बाई अवघड कामाला निघाली की हात आपोआप कमरेला फडकं बांधतात. गाइड ओरडला, "ओढणी कशाक? पाण्यात अडकतली!" मी ऐकलं नाही.

हे होडीतच राहिले, त्यांना मळमळत होतं. पाण्यात आम्ही चौघं, मी, तन्वी आणि एक नवरा-बायको. रिंगेला धरून ओळीने. मी डावीकडची शेवटची. माझ्या डावीकडे फक्त पाणी, हे लक्षात ठेवा.

तोंड पाण्यात घातलं आणि काय सांगू... खाली अख्खं वावर! हिरवे-तपकिरी दगड, त्यांवर झुडपं डोलतायत आणि मधून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे चाललेत. मी बघतच राहिले. आणि मग मी तो मूर्खपणा केला जो आमच्याच गावची बाई करू जाणे. गाइडने रिंग उजवीकडे वळवली. पण माझ्या समोर माझा पट्टा सरळ पडला होता. दुसरीच्या पातीत घुसायचं नाही, बांध येईपर्यंत आपली पात सोडायची नाही, हे पंचवीस वर्षं अंगात मुरलेलं. मी रिंग सोडली आणि सरळ निघाले. विचार करून नाही हो, पाय आपसूकच गेले.

मान वर काढली तेव्हा रिंग लांब गेलेली. त्याच वेळी नळीत पाणी शिरलं. खारट घोट थेट घशात. जॅकेट होतं म्हणून बुडले नसते, हे आता कळतं, तेव्हा काहीच कळत नव्हतं. हातपाय झाडले, चष्म्यात पाणी गेलं, ओरडायला गेले तर आणखी एक घोट. संपलं, असंच वाटलं. आईंना कोण बघणार, हा एकच विचार आला. शपथेवर सांगते, दुसरा नाही.

आणि माझ्या कमरेच्या गाठीत मागून कुणीतरी बोट अडकवलं. 

खस्सकन पुढे ओढलं.

मी ओळखलं. अंगाला आधी कळलं, मग मला. हात झाडायचे थांबले. तोंड पुन्हा पाण्यात गेलं, श्वास लागला, आणि डावीकडे मला एक हात दिसला. म्हातारा, सावळा, मनगटावर गोंदणाची फुली, हिरव्या काचेच्या बांगड्या. तो हात माझ्या पुढे पुढे जात होता आणि त्या झुडपांवरून बोटं अशी फिरवत होता... कापूस वेचताना फिरतात तशी. चार बोटं आणि अंगठा, उचल, सरक, उचल, सरक. मासे बाजूला होऊन वाट देत होते. मला जराही भीती वाटली नाही. उलट मी नळीतच हसायला लागले, त्याचा पाण्यात असा भुर्रर्र आवाज निघाला की मला आणखी हसू आलं. आम्ही किती वेळ तशा चाललो, सांगता येणार नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मग माझा हात रिंगेला लागला, आणि बाजूला बघितलं तर नुसतं पाणी.

"आई! कुठे गेली होतीस तू?" तन्वी रडवेली झाली होती.

गाइड मात्र माझ्यावर नाही, भलत्याच गोष्टीवर तापला होता. "ती म्हातारी खंयची? जॅकेट नाय, काय नाय! कोणी उतरवली तिका पाण्यात?" त्याने सगळ्यांना होडीत चढवलं, डोकी मोजली, परत मोजली. शेवटी शेजारच्या होडीवाल्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं, तुमची माणसं आमच्यात सोडता म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता की त्याच्या होडीत म्हातारं माणूसच नाही. तन्वीने कुणाला पाहिलं नाही. यांनीही नाही, पण यांचं तोंड तेव्हा होडीच्या दुसऱ्या बाजूला होतं आणि ते कशासाठी ते सांगत नाही.

किनाऱ्यावर येऊन जेवायला बसलो, सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. सुनीता. ती रडतेय की हसतेय तेच कळेना.

"वहिनी, आई उठली वं! चालली! स्वतः चालली!"

मी वाटी खाली ठेवली. "कधी?"

"आत्ताच नाई, सकाळची गोष्ट हाये. तुले फोन लावून राह्यली तं लागेचना. आई झोपली होती. झोपेतच हात हालवून राह्यली, मले वाटलं शुगर कमी झाली. मंग एकदम उठून बसली, पाय खाली टाकले, अन् गेली ना थेट मोरीपर्यंत! मी मागं धावली तं म्हनते, सरक, तोंड खारट झालं, चूळ भरू दे. अन् वहिनी..." इथे तिचा आवाज बारीक झाला. "चूळ भरायच्या आधीच आईची बोटं पाह्यली मी. पांढरी फट्ट, सुरकुत्या पडलेली. दिवसभर धुनं धुतल्यावर होते नं, तशी. सकाळपासून पान्याले हात नोता लावला तिनं."

मी यांच्याकडे फोन दिला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. मग हसले. मग परत रडले. वेटर दोनदा येऊन विचारून गेला की कढी तिखट झाली का.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई फाटकाशी उभ्या होत्या. कशालाही न धरता. वॉकर अंगणात होता, त्यावर गोधडी वाळत घातली होती. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सगळं श्रेय व्यायामाला दिलं, फिजिओच्या मॅडमनी स्वतःला दिलं, सुनीताने तिच्या हातच्या मेथीच्या लाडवांना दिलं. भांडण नको म्हणून मी सगळ्यांना हो म्हटलं.

माझ्या परीने मी खूप डोकं चालवलंय. घाबरल्यावर माणसाला भास होतात, मान्य. मग गाइडला कसला भास झाला? त्याने तर आईंचा फोटोही पाहिला नव्हता. झोपेतून उठून माणूस चालू लागतो, तेही होत असेल. मग खारट तोंडाचं काय, आणि त्या बोटांचं? तन्वी म्हणते, योगायोग. सुनीता म्हणते, देवीचा कौल. मला दोन्ही पटत नाही.

शेवटी परवा मी सरळ विचारलं. आई गोठ्यात होत्या, पायाशी भरलेली बादली. मी म्हटलं, "आई, खरं सांगा. तुम्ही आलत्या का तिकडं? समुद्रात?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मी कायले येऊ वं? लंगडी बाई समुद्रात जाईन का? पायात जीव होता का माह्या?" 

आणि बादली उचलून गाईकडे निघाल्या. मला अजून खूप विचारायचं होतं म्हणून मी मागे धावले, पण त्यांच्या चालीला माझी चाल काही पुरली नाही.